पीयू रंगाची काचेसारखी चमक उतरवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, गडद निळा रंग. पत्राकाम, लांबी, प्रायमर सगळं मनासारखं झालं. तीन आठवड्यांपूर्वी पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) बेस, म्हणजे रंगाचा थर, आणि वर दोन हात पारदर्शक क्लिअर मारून गाडी नागपुरातल्याच एका गॅरेजमधून घरी आली, आणि आता ती जुनी पद्मिनी वाटतच नाही. शोरूममधल्या आजच्या गाडीसारखी चकाकते. पेंटर म्हणतो, हजार नंबरचा वॉटर पेपर फिरवून तसंच सोडू. दुसरा म्हणतो, क्लिअरमध्ये टाल्कम पावडर टाकून आणखी एक हात मारू. बोनेटच्या आतला भाग, डॅशबोर्ड आणि चाकंही तशीच चमकतात. काय करावं?

भाऊ, दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. वॉटर पेपरने घासून सोडलेली बॉडी चार महिन्यांत चट्ट्याचट्ट्यांची दिसते, आणि पावडर टाकलेला क्लिअर एका उन्हाळ्यात पांढुरका पडतो. चमक शेवटच्या हातात ठरवायची असते, नंतर घासून नव्हे. तुमच्या गाडीचा शेवटचा हात बसून गेला आहे, म्हणून बाहेरच्या बॉडीचा मार्ग वेगळा आणि आतल्या भागांचा वेगळा. पण स्प्रे गनला हात लावण्याआधी तुम्हाला नेमकं काय खटकतंय ते ठरवून घ्या, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रकाश किती परत येतो. ती ग्लॉस मीटरने मोजतात. पॉलिश केलेल्या काळ्या काचेला १०० धरून रंगाचा आकडा काढतात, सहसा ६० अंशांच्या कोनातून. नीट बसलेला ताजा पीयू क्लिअर ९० च्या आसपास असतो. सॅटिन म्हणतात ते साधारण ३० ते ५०, आणि १० च्या खाली गेलं की पूर्ण मॅट. दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिबिंबाची धार. पडवीतली ट्यूबलाइट दारावर दिसते तेव्हा तिच्या कडा रेघ ओढल्यासारख्या दिसतात की किंचित विरघळलेल्या, हा तो फरक. दोन गाड्यांचा मीटरवरचा आकडा जवळजवळ सारखा असूनही एक काचेची वाटते आणि दुसरी तेल लावून पुसलेल्या लाकडासारखी मऊ. जुन्या गाड्या मॅट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. त्या चमकतच होत्या, फक्त प्रतिबिंबाची धार मऊ होती.

ती तशी का होती, तेही पाहू. त्या काळी गॅरेजमध्ये मारला जायचा तो ड्यूको. ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात हे नाव आणलं आणि आपल्याकडे ते नायट्रोसेल्युलोजच्या, म्हणजे एनसी रंगाच्या, कुठल्याही डब्याला चिकटलं. ड्यूको गनमधून निघतो तेव्हा फारसा चमकत नाही. सात-आठ पातळ हात मारायचे, वॉटर पेपरने सपाट करायचं, मग रबिंग कंपाउंडने हाताने घोटून चमक काढायची. ती चमक घोटलेली असते. पीयूची चमक ओतलेली असते: रंग पसरतो, स्वतःच सपाट होतो आणि तसाच गोठतो. शिवाय तुमच्या गाडीवर रंगावर पारदर्शक क्लिअरचा जाड थर आहे. प्रकाश आत जाऊन निळ्यावरून परततो, म्हणून रंग कायम ओला दिसतो. ड्यूकोमध्ये रंग आणि चमक एकाच थरात होती. तुम्हाला खटकतोय तो हा ओलेपणा, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर बॉडीला मॅट करण्याची गरजच नाही.

बॉडीसाठी आधी स्वस्त आणि मागे फिरता येण्याजोगा प्रयोग करा, तोही फक्त डिकीच्या झाकणावर. तीन आठवडे झालेत, नागपूरच्या हवेत पीयू आता घासण्याइतका कडक झालेला असतो. नखाने दाबून वण राहत असेल तर मात्र आणखी थांबा. रंगाच्या थराची जाडी मोजणारा मायक्रॉन गेज मिळवा, गाड्या पॉलिश करणाऱ्या डिटेलिंगवाल्यांकडे असतो. क्लिअरचे दोन नीट हात म्हणजे सुकल्यावर ५० मायक्रॉनच्या आसपास. गेज मात्र पत्र्यापासून वरपर्यंतचा सगळा थर मोजतो. त्यात प्रायमर आला, बेस आला आणि लांबी भरली असेल तर तीही आली. ५०० दाखवणाऱ्या जागी क्लिअर जाड आहे असं समजू नका, तिथे खाली लांबी आहे. पेंटरने सपाट करण्यासाठी आधीच एकदा घासलं असेल तर उरलेला क्लिअर त्याहून कमी असणार, हे धरून चाला. क्लिअर साधारण ३५ मायक्रॉनच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत तो सोलायला लागतो.

डिकीवर २००० नंबरचा वॉटर पेपर, खाली मऊ फोमचा ठोकळा, भरपूर पाणी आणि पाण्यात दोन थेंब शाम्पू. पाणी नळाचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार कागदात अडकून रेघा ओढतात. घासणं गोल गोल नको, पुढून मागे सरळ रेषेत. कडा आणि घड्यांवर आधी मास्किंग टेप लावा, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि निळा रंग पहिल्यांदा तिथेच उघडा पडतो. मग ३००० नंबरची फोमची चकती, ओलीच. यानंतर मशीनचा मोह टाळा. मध्यम जाडीचं कंपाउंड घ्या, सुती फडक्यावर, हाताने, पुन्हा पुढून मागे. एका वेळी दीड-दोन फुटांचा भाग. दहा-बारा मिनिटं घोटलं की धूसरपणा जाऊन चमक वर येते, पण ट्यूबलाइटची कड मऊच राहते. इथेच थांबायचं. बारीक फिनिशिंग पॉलिश फिरवलं की सगळी मेहनत परत काचेत जाते. गोल घोटायचं नाही याला कारण आहे: गडद निळ्यावर दुपारच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. सरळ रेषेतल्या रेघा पत्र्याच्या लांबीत मिसळून जातात. जुने कारागीर ड्यूको असाच घोटायचे.

ही डिकी गाडीवर बसवून सकाळच्या उन्हात आणि रात्री ट्यूबलाइटखाली, दोन्ही वेळा पाहा. पसंत पडली तर संपूर्ण गाडी याच पद्धतीने. एका माणसाचं तीन-चार दिवसांचं काम आहे आणि सामान फार लागत नाही. मशीनने परत चमकवता येतं, म्हणून हा मार्ग मी पहिला सांगतो.

पसंत नाही पडली, आणखी मऊ हवी, तरच दुसऱ्या मार्गाला जा: जुना क्लिअर घासून मुका (बिनचमकीचा) करून त्यावर चमक कमी केलेला नवा क्लिअर.

चमक कमी करणारं द्रव्य म्हणजे बहुतेक वेळा अतिशय बारीक सिलिका, काही प्रकारांत मेण. कण काही मायक्रॉनचे. रंग ओला असतो तेव्हा ते आत बुडालेले असतात, म्हणून गनमधून निघालेला मॅट क्लिअरही ओला असताना चकचकीतच दिसतो. थिनर उडतो, थर आकसतो आणि पृष्ठभागावर कणांमुळे सूक्ष्म उंचवटे उभे राहतात. प्रकाश एका दिशेने परतायच्या ऐवजी विखुरतो. हे नीट लक्षात घेतलं की पुढचे बहुतेक नियम आपोआप कळतात. थर किती जाड बसला, किती वेगाने आकसला, कण डब्यात तळाशी बसले होते की सारखे ढवळलेले होते, यावर शेवटचा आकडा हलतो. एकाच डब्यातला मॅट क्लिअर ओला आणि जाड मारला तर जास्त चमकतो, पातळ मारला तर कमी. म्हणून दारावर एक चमक आणि मडगार्डवर दुसरी, अशी गाडी होते. ज्याने आजवर फक्त चकचकीत क्लिअर मारला आहे त्याच्या हातून ही चूक हमखास होते, कारण चकचकीत क्लिअरमध्ये असमान थर पॉलिशने लपतो. मॅटमध्ये तो लपवायला जागाच नसते.

टाल्कम पावडर चालत नाही ती याच कारणाने. तिचे कण जाड आणि असमान असतात, त्यात गाठी होतात, रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा घटक, त्यांना नीट भिजवत नाही. आज डल दिसतं, पण कणाभोवतीच्या फटींतून पाणी आणि ऊन आत शिरतं आणि थर खडूसारखा सुटू लागतो. हार्डनर, म्हणजे पीयूला कडक करणारा दुसरा घटक, कमी घालून चमक उतरवणं त्याहून वाईट. तो रंग कधीच पुरता सुकत नाही आणि पेट्रोलचा थेंब पडला की मऊ पडतो. पीयूमध्ये स्वस्त एनसी थिनर ओतणं, गन दोन फूट लांब धरून कोरडा फवारा मारणं, हेही सर्रास चालतं. कोरड्या फवाऱ्यात थेंब वाटेतच सुकून पृष्ठभागावर वाळूसारखे बसतात. हाताला खरखर लागते, धूळ धरते आणि पहिल्याच धुण्यात फडक्याला रंग येतो.

करायचं ते असं. ज्या कंपनीचा चकचकीत क्लिअर मारला आहे, त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला मॅट क्लिअर किंवा मॅटिंग बेस मागा. दोन कंपन्यांचं मिश्रण करू नका. मॅट डब्याचं हार्डनरचं प्रमाण चकचकीत डब्यापेक्षा वेगळं असू शकतं, कारण त्यात सिलिकाने जागा घेतलेली असते आणि हार्डनरशी जुळणारं रेझिन कमी असतं. कंपनीच्या माहितीपत्रकात मिश्रणाचा तक्ता असतो, दुकानदाराकडून तो मागून घ्या आणि प्रमाण वजनाने असेल तर काट्यावरच मोजा. डोळ्याने ओतून हे काम होत नाही.

तक्ता असला तरी नमुन्याच्या पट्ट्या करा. दोन मिश्रणांचं नातं सरळ नसतं: अर्धा मॅट आणि अर्धा चकचकीत म्हणजे बरोबर मधली चमक, असं होत नाही. पत्र्याचे वहीच्या पानाएवढे पाच तुकडे घ्या. त्यावर गाडीवर आहे तसाच प्रायमर आणि तसाच निळा बेस मारा, मग क्लिअरमध्ये मॅटचा वाटा ०, १०, २०, ३० आणि ५० टक्के. प्रत्येकाच्या मागे प्रमाण, तारीख, थिनर आणि त्या वेळचं तापमान मार्करने लिहा. सात दिवस सुकू द्या, कारण थिनर पुरता निघेपर्यंत चमक उतरत राहते. दुसऱ्या दिवशी ठरवलेला आकडा सातव्या दिवशी फसवतो. ग्लॉस मीटर असेल तर उत्तम. नसेल तर पट्टी तिरकी धरून ट्यूबलाइट पाहा: कडा रेखीव दिसल्या तर ८० च्या वर, ट्यूब ओळखू येते पण कडा धूसर असतील तर ४० ते ६० च्या घरात, नुसता उजेडाचा पट्टा दिसला तर २०-३०, आणि काहीच दिसत नसेल तर १० च्या आत. हा ठोकताळा आहे, पण निवड करायला पुरतो. पद्मिनीच्या बॉडीसाठी मी १० ते २० टक्क्यांच्या पट्टीपलीकडे जाणार नाही. ३० टक्क्यांनंतर ती जुनी गाडी न वाटता हल्लीच्या फॅशनची सॅटिन गाडी वाटू लागते.

पट्ट्या आणखी एका कारणासाठी हव्यात. चमक उतरली की गडद रंग उजळतो. पृष्ठभागावरून विखुरलेला पांढरा प्रकाश रंगात मिसळतो आणि गडद निळा किंचित राखाडी, धुतल्यासारखा दिसतो. पांढऱ्या किंवा क्रीम गाडीला हे जाणवतही नाही, तुमच्या निळ्याला जाणवेल. १० टक्क्यांवर फरक थोडा आहे, ५० वर स्पष्ट. फारच खटकलं तर बेस एक छटा गडद करून पुन्हा मारावा लागतो, आणि ते काम मोठं आहे. म्हणून हा निर्णय पट्टीवर घ्यायचा, बोनेटवर नाही.

किती माल लागेल? पद्मिनीएवढ्या गाडीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण १३ चौरस मीटर धरा. ५० मायक्रॉनचा सुका थर म्हणजे ६५० मिलिलीटर घन पदार्थ. फवारायला तयार मिश्रणात तो ४० टक्के धरला तर १.६ लीटर, आणि गनमधून निघालेल्यापैकी ६० टक्केच पत्र्यावर बसतो असं मानलं तर सुमारे २.७ लीटर. म्हणून ३ लीटरची तयारी ठेवा. क्लिअर आणि हार्डनर २:१ असेल तर ३ लीटरला २ लीटर क्लिअर आला. १५ टक्के मॅट ठरवला असेल तर त्यात १७०० मिलिलीटर चकचकीत आणि ३०० मिलिलीटर मॅट. दोघांचं हार्डनर वेगळं असेल तर प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. आता महत्त्वाचं: हे २ लीटर एकाच डब्यात, एकाच वेळी मिसळा. हार्डनर मात्र लागेल तसा, ५००-६०० मिलिलीटरच्या घाण्याघाण्याने घाला. सगळ्यात एकदम हार्डनर घातला तर ४० अंशांच्या उन्हाळ्यात तो तासाभरात घट्ट व्हायला लागतो, आणि घट्ट होत चाललेला माल वेगळी चमक देतो. उलट प्रत्येक वेळी मॅट आणि चकचकीत नव्याने मोजलं तर दर घाण्याला पाच-दहा मिलिलीटर इकडे-तिकडे होतं, आणि ते डाव्या-उजव्या दारात दिसतं. प्रत्येक घाणा काढण्याआधी डबा तळापासून ढवळा. सिलिका बसते.

तयारी करताना जुना क्लिअर १००० नंबरच्या वॉटर पेपरने ओला घासा, कोपऱ्यांत करडं स्कॉचब्राइट (घासायची काथ्यासारखी जाळी). लाल स्कॉचब्राइट बॉडीवर वापरू नका, त्याचे ओरखडे जाड असतात आणि चमक कमी केलेल्या क्लिअरखाली ते दिसतात. पुरता सुकलेला पीयू थिनरने विरघळत नाही, म्हणून नवा थर फक्त या ओरखड्यांना धरून बसतो. एकही चमकणारी जागा राहिली तर तिथून तो नंतर सुटतो. गाडीच्या कुठल्या भागाखाली जुना रंग तसाच ठेवला असेल तर थिनरने भिजवलेलं पांढरं फडकं त्यावर मिनिटभर ठेवा: रंग उतरला तर ड्यूको, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर पीयू. सुरकुतणाऱ्या जागेवर सरळ पीयू मारला की तो फुगून वर येतो. तिथे आधी इपॉक्सी प्रायमर घालून ती जागा बंद करावी लागते.

गनची टीप १.३ किंवा १.४, हवा गनजवळ २ बार, अंतर एक वीत. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर तीन-चतुर्थांश चढली पाहिजे. चकचकीत क्लिअरला अर्धी चढली तरी भागतं, इथे पट्टे दिसतात. पहिला हात मध्यम ओला. मग थांबा. हा थर आपोआप पूर्ण मंद दिसेपर्यंत, साधारण १५ ते २० मिनिटं, दुसरा हात नाही. घाई केली तर खालचा थिनर वरच्या थरात अडकतो आणि ढगाळ डाग पडतात. पहिला हात आडवा मारला असेल तर दुसरा उभा, त्याच वेगाने. गाडी टप, बोनेट, डिकी, मग बाजू अशी एका दमात पूर्ण करा. अर्धी आज, अर्धी उद्या असं नको. ओली गाडी चमकताना दिसली की पेंटर घाबरतो आणि लांबून एक कोरडा हात देतो. त्याला आधीच बजावून ठेवा.

आता हवेचं, कारण या शहरात रंगाचं अर्धं काम हवाच बिघडवते. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत दुपारी पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापतो, थिनर लागलीच उडतो, थर पसरायच्या आत बसतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे सुरू करून नऊच्या आत गन धुवा, आणि थिनर मंद प्रकारचा घ्या. पट्ट्यांनाही तोच थिनर, त्याच वेळेला. थंडीत केलेल्या पट्टीचा आकडा मे महिन्यात जुळत नाही. गॅरेजमधला कूलर तर पूर्ण बंद. कूलर हवेत ओल सोडतो, पाण्याचे तुषार उडवतो, आणि पीयूचं हार्डनर रंगाऐवजी त्या ओलीशी जुळतं. त्यातून वायू सुटून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि जागोजागी दूधट डाग येतात. कधी कधी लोक त्यालाच मॅट झालं म्हणतात. पावसाळ्यात तेच संकट आपोआप असतं. दसऱ्याला गाडी पूजेला काढायची म्हणून पोळा-मारबतीच्या सुमारास रंग काढायची घाई होते, आणि हवेतली ओल तेव्हा पुरती गेलेली नसते. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे आपले महिने. डिसेंबर-जानेवारीतही चालतं, पण रात्री पारा १२-१४ वर उतरतो आणि पीयूचं सुकणं मंदावतं, म्हणून काम सकाळी अकराच्या सुमारास सुरू करून दुपारचं ऊन सुकायला मिळू द्या.

मास्कबद्दल एक परिच्छेद, कारण आपल्याकडे अजूनही तोंडाला रुमाल बांधून पीयू मारला जातो. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो आणि एकदा जडला की थोडासा वासही सहन होत नाही. साध्या कार्बनच्या मास्कवर अवलंबून राहता येत नाही, कारण तो संपला हे नाकाला कळत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, तो भाड्याने किंवा रंगकामाच्या बंद खोलीवाल्याकडे, म्हणजे बूथवाल्याकडे, मिळतो. नसेल तर काम सरळ बूथमध्ये द्या. आणि मूळचा जुना रंग कुठे घासायचा असेल तर ओलाच घासा. त्या काळच्या पिवळ्या-लाल रंगांत शिसं असायचं.

बोनेटच्या आतला भाग, डॅशबोर्ड, चाकं ही सोपी बाजू आहे, आणि जुन्या गाडीचा जुनेपणा निम्मा इथूनच येतो. ही लपलेली किंवा छोटी कामं असल्याने थेट सॅटिन मारता येतो, क्लिअरचं दुखणं नाही. इंजिनचा कप्पा आणि खालची चौकट यांना ३० ते ४० चमकेचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) सॅटिन काळा. त्याहून डल नको. तेल-धूळ खरखरीत पृष्ठभागात शिरते आणि पुसता येत नाही. इथे स्वस्तात ब्लॅकबोर्ड पेंट मारण्याची पद्धत आहे, ती सोडा. त्यात रंगद्रव्य जास्त आणि ते धरून ठेवणारं रेझिन कमी, म्हणून तर तो डल दिसतो. पेट्रोल लागलं की फडक्यावर येतो. डॅशबोर्डचा वरचा भाग मात्र १० च्या खाली हवा, नाहीतर वर्धा रोडवर दुपारी जाताना त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत नाचतं आणि रस्ता दिसत नाही. डॅशबोर्डचा समोरचा, आपल्याकडे तोंड करून असलेला पत्रा सॅटिन ठेवा. वायपरचे दांडे मॅट. चाकांना बॉडीपेक्षा किंचित कमी चमक शोभते, ब्रेकची काळी पूडही त्यावर कमी उठून दिसते. या भागांवर आत्ताचा चकचकीत पीयू ६०० ते ८०० नंबरने घासून वरून मारा. बॉडीचा चकचकीत भाग टेपने झाकण्याआधी तो किमान २४ तास सुकलेला हवा, आणि टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत, तासाभरात, स्वतःवर दुमडत काढा.

जीपवाल्यांचाही हाच प्रश्न असतो म्हणून जाता जाता: दुसऱ्या महायुद्धातली विलीज खरोखरच बिनचमकीची होती, तिथे बॉडीला पूर्ण मॅट योग्य आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ लष्कराच्या गाड्यांखेरीज कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायला मनाई करतो. रंग निवडताना हे आधी पाहा.

चमक कमी केलेली गाडी सांभाळायची पद्धत निराळी. वॅक्स आणि रबिंग कायमचं बंद, कारण वॅक्स सूक्ष्म खळग्यांत भरतं आणि ते भरले की चमक परत येते, तीही जिथे जास्त चोळलं तिथे जास्त. दाराच्या हँडलभोवती आणि डिकीच्या कडेला हे आधी दिसतं. हजार नंबरने घासून सोडलेल्या बॉडीचंही हेच होतं, म्हणून सुरुवातीला नको म्हटलं. धुताना सावली, साधा कार शाम्पू, मायक्रोफायबर. धुतल्यावर लगेच पुसा. क्षारांचे पांढरे ठिपके पॉलिश करून काढता येत नाहीत. पक्ष्याची विष्ठा आणि पेट्रोलच्या टोपणाखालचा ओघळ त्याच दिवशी पुसा.

आणि दुरुस्ती पॅनेलच्या कडेपर्यंतच होते. अर्ध्या दारावर मिसळवून मारता येत नाही, जोड दिसतोच. धुळीचा कण बसला तर तो घासून पॉलिश करता येत नाही, पुन्हा संपूर्ण पॅनेल. म्हणून तयार केलेल्या मिश्रणातला २०० ते ३०० मिलिलीटर हार्डनर न घातलेला माल हवाबंद काचेच्या बाटलीत ठेवून द्या, बाटलीवर प्रमाण लिहून. पसंत पडलेली पट्टीही त्याच्याबरोबर ठेवा, उन्हापासून दूर. उद्या कुणी दाराला घासून गेलं तर पेंटरसमोर धरायला तीच कामी येईल.

तुमच्यासाठी क्रम असा धरा: या आठवड्यात डिकी हाताने घोटून पाहा, त्याच वेळी पाच पट्ट्या करून सुकायला ठेवा. डॅशबोर्ड आणि इंजिनचा कप्पा दोन्ही निर्णयांत सारखेच राहतात, तेव्हा ते काम मधल्या काळात उरका. पुष्कळदा आतला भाग डल झाल्यावर बाहेरची चमक तितकीशी खटकत नाही, आणि मग घोटलेली डिकीच पुरेशी वाटते.